फुप्फुसाचा कॅन्सर आणि ‘टार्गेटेड’ गोळी : आधी ब्लॉक, मग औषध

विट्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ५६. मिश्री, तंबाखू, विडी कशाचंच व्यसन नाही. तीन-चार महिने खोकला, उजव्या बाजूला छातीत पाणी. एक्स-रे बघून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन महिने झाले तरी उतार नाही. मग मिरजेत सीटी करून सुईने तुकडा काढला, तर रिपोर्ट आला अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, स्टेज चार. डॉक्टर म्हणतात ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, जनुकीय तपासणीला पाठवू, दोन-तीन आठवडे लागतील. घरातले म्हणतात तोवर केमो तरी सुरू करा. एक पाहुणे म्हणतात, तपासणीत पैसे घालण्यापेक्षा थेट ‘टार्गेटेड’ गोळीच आणा. काय करावं?

तपासणी होऊ द्या. गोळी आंधळेपणाने सुरू करू नका. पाहुणे काळजीपोटीच बोलत असतील, पण त्यांचा सल्ला धोक्याचा आहे, आणि त्याचे आकडे उपलब्ध आहेत. २००९ साली आशियातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळे अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे रुग्ण होते, आणि जवळपास सगळे धूम्रपान न करणारे. म्हणजे तुमच्या आईंसारखेच. अर्ध्यांना गेफिटिनिब या टार्गेटेड औषधाची गोळी दिली, अर्ध्यांना केमो. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकाचा बदल होता त्यांच्यात गोळीने आजार सरासरी साडेनऊ महिने आटोक्यात राहिला, केमोने सव्वासहा. ज्यांच्यात तो बदल नव्हता त्यांच्यात गोळीवर जेमतेम दीड महिना, केमोवर साडेपाच. एकच गोळी, तोंडवळ्याने सारखेच रुग्ण, पण निकाल एकदम उलटा. आणि अशा निवडक रुग्णांमध्येही ज्यांची तपासणी होऊ शकली त्यांच्यात बदल सापडला तो ६०% जणांत. उरलेल्या ४०% लोकांचे मोलाचे आठवडे आंधळ्या गोळीने वाया गेले असते.

असं का होतं, ते मोटारीच्या उदाहरणाने लवकर कळेल. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्ट चिकटला की लाल बटण दाबूनही मोटार थांबत नाही. ईजीएफआर हा पेशीच्या भिंतीवरचा असाच एक स्टार्टर आहे. बाहेरून निरोप आला की तो चालू होतो, पेशीला ‘वाढ, दुभंग’ असा हुकूम देतो आणि मग बंद होतो. जनुकात ठरावीक ठिकाणी बिघाड झाला की तो चालूच राहतो. गोळीतलं औषध नेमकं त्या कॉन्टॅक्टच्या खाचेत जाऊन बसतं आणि प्रवाह तोडतं. ज्या गाठीचा स्टार्टर धड आहे आणि दोष दुसरीकडे आहे, तिथे हे औषध खाचेत बसूनही उपयोग नाही. केमो सगळ्याच भराभर वाढणाऱ्या पेशींवर चालते, म्हणून केस जातात, तोंड येतं. टार्गेटेड औषधाचा नेम एका दोषावर असतो, म्हणून तो दोष आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. २००१ साली रक्ताच्या एका कॅन्सरवर, सीएमएलवर, इमॅटिनिब मान्य झालं तेही याच नियमाने. फुप्फुसाच्या कॅन्सरमधला ईजीएफआरचा दोष २००४ मध्ये उलगडला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सांगली-साताऱ्याकडे ती वारंवार विचारली जाते. तोंडाच्या कॅन्सरला, म्हणजे तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे होणाऱ्या आजाराला, ही ‘तपासा आणि गोळी घ्या’ पद्धत आज लागू होत नाही. तिथे वेळेवर ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, हेच मुख्य उपचार. आजार परत आला किंवा पसरला तर टाटा मेमोरियलने दाखवलेली कमी मात्रेच्या निव्होलुमॅबची पद्धत आहे: दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण त्यात १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. यातलं निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी आहे. ती प्रतिकारशक्तीला जागं करते, टार्गेटेड गोळीचं काम वेगळं. या दोन्ही शब्दांची गल्लत करू नका. पुढे तुमच्या आईंच्या बाबतीतच या फरकाला फार महत्त्व येणार आहे.

आता ब्लॉक. सगळा उपचार या एका वस्तूवर उभा आहे, म्हणून तो एकदा हातात घेऊन बघा. काडेपेटीपेक्षा लहान प्लॅस्टिकची जाळीदार डबी, तिच्या कडेवर नंबर, आणि एका बाजूला पांढरट मेणाची वडी. उजेडात तिरकी धरली की मेणात शेवईच्या तुकड्यांसारखे दोन-तीन करडे धागे दिसतात. तोच आईंच्या फुप्फुसातून काढलेला तुकडा. पॅथॉलॉजिस्ट त्यातून चार-पाच मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक नव्या रंगचाचणीला एक पापुद्रा जातो आणि धागा झिजत जातो. अ‍ॅडेनोकार्सिनोमा ओळखायला बहुतेक वेळा टीटीएफ-१ आणि पी४० या दोन चाचण्या पुरतात. हौसेने दहा केल्या तर जनुकीय तपासणीला काहीच उरत नाही, आणि मग दुसऱ्यांदा सुई. म्हणून तुकडा काढायच्या आधीच डॉक्टरांनी फॉर्मवर ‘जनुकीय तपासणीसाठी ऊतक राखून ठेवा’ असं लिहायला हवं. तुमच्या बाबतीत तुकडा निघून गेला आहे, तर आजच लॅबला फोन करून ब्लॉकमध्ये किती ऊतक शिल्लक आहे ते विचारा.

तुकडा वाया जायची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. काढल्यावर तो लगेच १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात जायला हवा. गडबडीत सलाइनच्या बाटलीत टाकला की पेशी सडायला लागतात. फॉर्मॅलिनमध्ये सहा ते ४८ तास ठीक. आठवडाभर पडून राहिला तर डीएनएचे तुकडे तुकडे होतात. हाडातून काढलेला तुकडा मऊ करायला आम्ल वापरलं तर डीएनए जवळपास संपतोच. तिथे आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला सांगावं लागतं. आणि आईंच्या छातीतून जे पाणी काढलं, त्यात कॅन्सरच्या पेशी असतील तर त्या पेशी गोळा करून त्यांचाही मेणातला ब्लॉक (सेल-ब्लॉक) बनतो आणि त्यावर हीच तपासणी होते. पुन्हा पाणी काढायची वेळ आली तर ते बेसिनमध्ये जाऊ देऊ नका. निदान ५०-१०० मिली तरी लॅबला पाठवायला सांगा. आपल्याकडे टीबी समजून कित्येकदा हेच पाणी फेकून दिलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

ब्लॉक मागताना डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ रिपोर्टची प्रत आणि पेशंटचं आधार घेऊन जा. लॅब सही घेऊन देते. सोबत एक रंगवलेली स्लाइडही मागा. तपासणी करणारी लॅब पुण्या-मुंबईत किंवा त्याहून लांब असते, त्यामुळे कुरिअर लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नका. मेण साधारण ५५-६० अंशांना वितळतं, आणि बंद गाडीतला डॅशबोर्ड तिथपर्यंत तापतो. फोमच्या डब्यात, जेल पॅकसोबत पाठवा. तपासणी संपली की ब्लॉक परत मागून घ्यायचा. तो पुढेही लागणार आहे.

कुठली तपासणी करायची? नुसत्या ईजीएफआरची चाचणी स्वस्त आणि लवकर येते, बहुतेकदा आठवड्याच्या आत. एएलके आणि रॉस-१ या दुसऱ्या दोन जनुकांच्या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात. एनजीएस नावाच्या तपासणीत हे सगळं आणि त्याशिवाय बीआरएएफ, मेट, रेट, केरास, हर-२ अशी बरीच जनुकं एकदम बघतात. तिला दोन-तीन आठवडे लागतात आणि खर्चही जास्त. ऊतक थोडं असेल तर एकेक चाचणी करत ब्लॉक संपवण्यापेक्षा एनजीएस एकदाच करणं शहाणपणाचं. ब्लॉक अपुरा निघाला तर रक्तावर तपासणी होते, त्यासाठी खास नळ्यांमध्ये साधारण २० मिली रक्त लागतं. त्यात दोष सापडला तर त्यावर भरवसा ठेवून औषध सुरू करता येतं. नाही सापडला तर मात्र ‘नाही’ असं समजू नका, कारण सगळ्याच गाठी रक्तात पुरेसा डीएनए सोडत नाहीत.

रिपोर्ट हातात आला की ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’ एवढ्या दोन शब्दांवर थांबू नका. पुढची ओळ वाचा. तिथे एक्सॉन, म्हणजे जनुकाचा नेमका कुठला भाग बिघडला, ते लिहिलेलं असतं. ‘एक्सॉन १९ डिलीशन’ किंवा ‘एक्सॉन २१ एल८५८आर’ असेल तर गोळ्यांचा उत्तम उपयोग होतो. ‘एक्सॉन २० इन्सर्शन’ लिहिलं असेल तर तो पॉझिटिव्ह असूनही नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. त्याचा उपचार वेगळा. हा फरक नजरेतून सुटला की महिनोन्‌महिने चुकीची गोळी चालू राहते. तपासलेल्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशींचं प्रमाण किती, तेही बघा. ते फारच कमी, म्हणजे १०-२० टक्क्यांच्याही खाली असेल, तर ‘निगेटिव्ह’वर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही.

तोवर थांबायचं का? आईंना दम कमी लागत असेल, चालता-फिरता येत असेल, पाणी काढून टाकलेलं असेल, तर दोन-तीन आठवडे थांबता येतं. दम वाढतोय, पाणी पुन्हा पुन्हा भरतंय, तर डॉक्टर केमोची एक फेरी देतील, आणि त्यात काही चूक नाही. केमोत पेमेट्रेक्सेड हे औषध द्यायचं ठरलं तर पाच-सात दिवस आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२चं इंजेक्शन लागतं, म्हणून ते आजच विचारून घ्या. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो: रिपोर्ट यायच्या आधी केमोसोबत इम्युनोथेरपीचं इंजेक्शन लावून घेऊ नका. ते शरीरात महिनोन्‌महिने काम करत राहतं. त्यानंतर लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची नवी गोळी आली तर फुप्फुसाला जीवघेणी सूज येण्याचा धोका वाढतो. शिवाय ईजीएफआरचा दोष असलेल्या गाठींवर इम्युनोथेरपीचा फायदाही कमीच दिसतो. मेंदूचा एमआरआयही याच काळात करून घ्या. डोकं दुखत नसलं तरी करा, कारण या प्रकारात मेंदूत गाठी असण्याचं प्रमाण बरंच असतं आणि त्यावरून औषध ठरतं.

औषधांचं बोलू. गेफिटिनिब २५० मिलिग्रॅम, रोज एक. एर्लोटिनिब १५० मिलिग्रॅम, रोज एक, पण रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम, रोज एक, जेवणाचं बंधन नाही. ओसिमर्टिनिबने आजार सरासरी १८.९ महिने आटोक्यात राहतो, जुन्या दोन गोळ्यांनी १०.२. मेंदूतही ती चांगली पोचते. तिच्यासोबत केमो दिली तर आटोक्याचा काळ आणखी वाढतो, त्रासही वाढतो. ती परवडत नसेल तर निराश होऊ नका. टाटा मेमोरियलने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साध्या, स्वस्त गेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन दिल्यावर आजार १६ महिने थांबला, नुसत्या गोळीवर आठ. केमो झेपणाऱ्या आणि बेताची ऐपत असलेल्या घरासाठी हा खरोखर चांगला मार्ग आहे. आणि ईजीएफआरऐवजी एएलके निघाला तर ती बातमी मी चांगलीच मानतो: अ‍ॅलेक्टिनिब ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणासोबत, किंवा लॉरलॅटिनिब. लॉरलॅटिनिबवर पाच वर्षांनंतरही ६०% रुग्णांत आजार पुढे सरकलेला नव्हता.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी टीबीच्या गोळ्यांची वाटते. त्यातलं रिफाम्पिसिन लिव्हरला असं कामाला लावतं की दुसरी औषधं भराभर तोडून बाहेर टाकली जातात. गेफिटिनिबचं रक्तातलं प्रमाण त्याने ८०% हून जास्त घटतं, ओसिमर्टिनिबचंही पाऊणहून अधिक. म्हणजे हजारो रुपयांची गोळी रोज गिळायची आणि शरीराला मिळायचा चतुर्थांश. थुंकीत किंवा पाण्यात टीबीचे जंतू सापडलेच नसतील, तर छातीच्या डॉक्टरांशी आणि ऑन्कॉलॉजिस्टशी बोलून त्या गोळ्या बंद करता येतील. बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. टीबी खरोखर सिद्ध झाला असेल तर रिफाब्युटिनसारखा पर्याय बघावा लागतो. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. मेंदूत गाठी निघून फिट्सचं औषध लागलं, तर फेनिटॉइनही असंच वागतं. तिथे लेव्हेटिरासिटॅम बरं.

रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी हा दुसरा चोर. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल चालू असेल तर गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब पोटात नीट विरघळत नाहीत. जळजळ होतच असेल तर साधं अँटासिड, गोळीपासून सहा तास दूर. ओसिमर्टिनिबला ही अडचण नाही. सांगलीत हळदीची विचारणा होणारच: भाजी-आमटीतली हळद, हळदीचं दूध खुशाल घ्या. पण मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल नकोत, कारण मिरीतलं पायपरिन औषध तोडणाऱ्या एन्झाइमना अडवतं. ग्रेपफ्रूट आणि त्याच कुळातलं पपनसही टाळा.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहऱ्यावर, छातीवर, पाठीवर पुरळ येईल. ते तारुण्यपीटिकांसारखं दिसतं, पण पिंपल्सचं मलम लावू नका. त्याने कातडी आणखी कोरडी पडून फाटते. पुरळ यायची वाट न बघता पहिल्या दिवसापासून बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, घराबाहेर पडताना सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर. वाढलंच तर डॉक्टर १% हायड्रोकॉर्टिसोन आणि डॉक्सिसायक्लिन देतात. नखांच्या कडा सुजून दुखतात; भांडी, धुणं, भांगलण यांपासून काही दिवस सुट्टी, किंवा आत सुती आणि वर रबरी हातमोजे. जुलाब झाले तर लोपेरामाइड: आधी दोन गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसाला जास्तीत जास्त आठ, आणि सोबत ओआरएस. चोवीस तासांत थांबले नाहीत तर दवाखाना गाठा.

दोन गोष्टींना मात्र घरी थांबायचं नाही. नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला आणि दम: त्या दिवशीची गोळी घेऊ नका, लगेच फोन करा, सीटी लागेल. औषधाने फुप्फुसाला सूज येणं क्वचित घडतं, पण घडलं तर तास मोजावे लागतात. दुसरी म्हणजे कावीळ. गोळीने लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात, म्हणून सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी लिव्हरची रक्ततपासणी. डोळे पिवळे दिसले की गावात कोणीतरी काविळीचा झाडपाला सुचवणारच. तो या गोळीवर अजिबात नको. लिव्हर आधीच थकलेलं असतं. ओसिमर्टिनिबआधी एक ईसीजीही काढून ठेवा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा: रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि कुठली गोळी पॅकेजमध्ये बसते ते औषधाचं नाव सांगून विचारा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मर्यादा आहे, पण सगळी नवी औषधं त्यात बसत नाहीत. ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात माफ झालं. शिवाय कंपनीची रुग्णसहाय्य योजना आहे का, ते डॉक्टरांकडूनच विचारून घ्या. पावतीशिवाय मिळणारी, सीमेपलीकडून आणलेली स्वस्त स्ट्रिप घेऊ नका. आत किती औषध आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि गुण आला नाही तर दोष आजाराला दिला जातो.

गोळी लागू पडली की पहिल्या महिन्यातच खोकला कमी होतो, भूक लागते. दर दोन-तीन महिन्यांनी सीटी. एक दिवस गाठ पुन्हा वाढलेली दिसेल, हे आत्ताच माहीत असलेलं बरं. स्टार्टरच्या खाचेचा आकारच बदलतो आणि औषध तिथे बसेनासं होतं. गेफिटिनिबनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांत टी७९०एम नावाचा बदल सापडतो, आणि त्याला ओसिमर्टिनिब चालतं. ओसिमर्टिनिबनंतर कधी मेट हा दुसराच स्टार्टर चालू होतो, तर कधी गाठ चक्क स्मॉल सेल या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या वेगळ्याच प्रकारात बदलते. तिला संपूर्ण वेगळी केमो लागते, आणि रक्ताच्या तपासणीत ते रूपांतर कळत नाही. म्हणून तेव्हा पुन्हा तुकडा काढायला नकार देऊ नका. एकच गाठ वाढली आणि बाकी शांत असेल तर त्या गाठीला शेक देऊन तीच गोळी पुढे चालवता येते. आणि ‘गोळी लागू पडेना’ म्हणून ती अचानक थांबवू नका. बऱ्याच पेशी अजून तिच्याच ताब्यात असतात, आणि थांबवताच काही जणांत आजार आठ-दहा दिवसांत उसळतो. नवा उपचार ठरेपर्यंत, ऑन्कॉलॉजिस्ट सांगतील त्या तारखेपर्यंत, ती चालू राहते.